दांडिया बाजारातले भाषांतर कार्यालय आणि आमची व्हिसाची फाइल

बडोद्याच्या दांडिया बाजारात, सूरसागरपासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एक भाषांतर कार्यालय आहे. दोन टेबले, एक संगणक, एक स्कॅनर आणि कागदांनी भरलेली तीन लोखंडी कपाटे एवढाच त्याचा पसारा आहे. गुजराती आणि मराठी कागदपत्रांचे इंग्रजीत प्रमाणित भाषांतर करून देणे आणि परदेशी जाणाऱ्यांची फाइल नीट लावून देणे ही दोनच कामे तेथे होतात. डिसेंबर २०२५ ते फेब्रुवारी २०२६ या काळात मी या कार्यालयाची सेवा घेतली. ते चालवणारे गृहस्थ न्यायालयात अनेक वर्षे भाषांतराचे काम करून निवृत्त झाले आहेत. आपले नाव कोठे लिहू नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळे, तेथे येणारे सगळे ज्या नावाने त्यांना हाक मारतात त्याच नावाने, म्हणजे काका म्हणूनच, मी येथे त्यांचा उल्लेख करतो.

मी विद्युत अभियंता असून ट्रान्सफॉर्मरच्या डिझाइनचे काम करतो. ब्रिटनमधील एका कंपनीने मला नोकरी देऊ केली आणि १५ डिसेंबर रोजी माझ्या नावाचे सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, म्हणजे आपण या माणसाला नोकरी देत आहोत अशी कंपनीने केलेली अधिकृत नोंद, ज्याला सगळे सीओएस म्हणतात, ते काढले. मला स्किल्ड वर्कर, म्हणजे कुशल कर्मचाऱ्यांच्या व्हिसासाठी अर्ज करायचा होता, आणि माझ्याबरोबर पत्नी आणि सात वर्षांची मुलगी अशा दोघींचाही. सीओएस मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, म्हणजे मार्चच्या मध्यापर्यंतची मुदत आमच्या हाती होती. ती पुरेशी वाटते, पण प्रत्यक्षात कशी भराभर सरते ते पुढे येईलच.

काकांकडे जाण्यापूर्वी मी अलकापुरीतील एका सल्लागाराकडे गेलो होतो. त्या कार्यालयाने माझ्या हातात बेचाळीस कागदांची यादी ठेवली. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, घराच्या किमतीचा दाखला, चार्टर्ड अकाउंटंटचे मालमत्तेचे प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि त्याचे भाषांतर, पदवीवर ॲपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लावले जाणारे सरकारी साक्षांकन), पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र, लग्नपत्रिका, लग्नाची वीस छायाचित्रे असे सर्व काही तीत होते आणि प्रत्येक ओळीपुढे एक शुल्क होते. मी त्यांतील बरेचसे कागद स्वतःच गोळा करून एका जाड फायलीत लावले आणि केवळ भाषांतर स्वस्तात होईल या हेतूने दांडिया बाजारात गेलो. ती फाइल काकांच्या टेबलावर ठेवल्यानंतर जे घडले, त्याच कारणासाठी मी हे परीक्षण लिहीत आहे.

त्यांनी फाइल उघडण्याआधी सीओएसच्या तपशिलाचा छापील कागद आणि आमचे तिन्ही पासपोर्ट मागितले. चारही गोष्टी समोर मांडून नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक असा एकेक तपशील त्यांनी पेन्सिलीचे टोक ठेवून जुळवला. मग म्हणाले, “जाधवसाहेब, व्हिसाचा सल्ला मी देत नाही, तो माझा अधिकार नाही. नियम ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर आहे, तो तुम्ही स्वतः वाचा. मी कागद वाचतो. नियमाने मागितलेला कागद कोणता आणि तो काय बोलतो, एवढेच मी सांगेन.” त्यांनी मला त्यांच्याच संगणकावर तो नियम वाचायला बसवले, आणि मी वाचत असताना माझ्या फायलीतील कागदांचे दोन गठ्ठे झाले. एका गठ्ठ्यात अकरा कागद होते. उरलेले त्यांनी पिशवीत घालून मला परत दिले. त्या पिशवीतील प्रत्येक कागदाच्या भाषांतराचे पैसे त्यांना मिळू शकले असते, हे मला घरी पोहोचल्यावर उमगले.

हा स्किल्ड वर्कर व्हिसा १ डिसेंबर २०२० रोजी जुन्या टियर टू जनरल या व्हिसाच्या जागी आला. २२ जुलै २०२५ पासून नव्या अर्जदाराची नोकरी पदवी पातळीची असावी लागते आणि पगाराची सर्वसाधारण किमान मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड झाली आहे. त्या व्यवसायाचा ठरलेला दर त्याहून जास्त असेल, तर तो दर लागू होतो. पण पगार, हुद्दा, व्यवसायाचा सांकेतिक क्रमांक, जो विद्युत अभियंत्यांसाठी २१२३ आहे, आणि कंपनीचा परवाना क्रमांक हे सारे सीओएसमध्येच नोंदलेले असते. सीओएस हे कागदी प्रमाणपत्र नसून संगणकीय नोंद असते आणि अर्जात तिचा संदर्भ क्रमांक देणे पुरेसे असते. म्हणजे नोकरीसंबंधीचा बहुतेक पुरावा कंपनीनेच आधी दिलेला असतो. अर्जदाराकडे उरते ते इंग्रजीच्या ज्ञानाचे प्रमाण, खात्यातील पैसे, क्षयरोगाच्या तपासणीचे प्रमाणपत्र, कुटुंब बरोबर येत असेल तर नात्याचे पुरावे, आणि यांतील जे कागद इंग्रजीत नसतील त्यांची भाषांतरे.

पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र प्रामुख्याने आरोग्य, शिक्षण आणि समाजसेवा या क्षेत्रांतील ठरावीक व्यवसायांना लागते. आमच्या ओळखीच्या निझामपुऱ्यातील एका परिचारिकेला ते काढावे लागले होते, आणि गेल्या दहा वर्षांत ज्या देशात बारा महिने किंवा अधिक वास्तव्य झाले, त्या प्रत्येक देशाचे ते लागते. विद्युत अभियंत्याला त्याची गरज नव्हती. ॲपोस्टिलची गोष्टही तशीच. भारतात ही पद्धत २००५ पासून लागू आहे आणि अनेक देश ती मागतात, पण या व्हिसाच्या कागदांत ती मागितलेली नाही. अलकापुरीच्या यादीत या दोन बाबींचेच शुल्क सर्वांत मोठे होते. लोकांची भीती आणि घाई पाहून अशी यादी लांबवली जाते याचा मला मनापासून राग आहे, कारण माझ्या जागी एखादा नवखा मुलगा असता तर त्याने कर्ज काढून ते शुल्क भरले असते.

इंग्रजीच्या प्रमाणाबाबत बडोद्यात एक गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांची समजूत अशी असते की, शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते असे विद्यापीठाचे पत्र जोडले की काम झाले. माझीही हीच समजूत होती. प्रत्यक्षात ते पत्र एकट्याने पुरेसे नसते. भारतातील पदवी ब्रिटनच्या पदवीच्या तोडीची आहे आणि ती इंग्रजीतून शिकवली गेली, हे एक्टिस या संस्थेने तपासून प्रमाणित करावे लागते आणि त्या प्रमाणपत्राचा संदर्भ अर्जात द्यावा लागतो. विद्यापीठाचे पत्र, पदवी आणि गुणपत्रके हे सारे एक्टिसकडे पाठवायचे असते. दुसरा मार्ग मान्यताप्राप्त इंग्रजी परीक्षेचा आहे, आणि पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी ८ जानेवारी २०२६ पासून तिची पातळी बी-१ वरून बी-२, म्हणजे एक पायरी वरची, झाली आहे. काकांनी या कामाचे काहीच घेतले नाही, कारण सर्व कागद आधीच इंग्रजीत होते. त्यांनी फक्त ते स्वच्छ स्कॅन करून दिले आणि गुणपत्रकांच्या मागच्या बाजूही स्कॅन करायला लावल्या, कारण श्रेणी कशी ठरते याचा तक्ता मागे छापलेला होता.

पैशाच्या पुराव्यात मात्र मी स्वतः चुकलो, आणि ती चूक काकांनी पकडली नसती तर अर्ज नाकारला जाऊ शकला असता. कंपनीने सीओएसमध्ये आमच्या सुरुवातीच्या खर्चाची हमी दिलेली नव्हती. अशा वेळी अर्जदारासाठी १,२७० पौंड, पतीसाठी किंवा पत्नीसाठी २८५ पौंड आणि पहिल्या मुलासाठी ३१५ पौंड, म्हणजे आमच्या तिघांचे मिळून १,८७० पौंड, सलग २८ दिवस खात्यात राहावे लागतात, आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेच्या आधीच्या ३१ दिवसांत यावा लागतो. मी २० डिसेंबरपासून मोजदाद सुरू केली होती आणि १९ जानेवारीला बँकेचे स्टेटमेंट घेऊन मोठ्या समाधानाने काकांकडे गेलो. त्यांनी शिल्लक रकमेच्या रकान्यावर पट्टी ठेवली आणि एकेक ओळ खाली सरकवत नेली. ५ जानेवारीच्या ओळीवर पट्टी थांबली. त्या दिवशी म्युच्युअल फंडाचा मासिक हप्ता आपोआप कापला गेला होता आणि शिल्लक आवश्यक रकमेच्या खाली गेली होती.

मला वाटले, फरक थोडा आहे आणि मुदत ठेवीत तर भरपूर पैसे आहेत. काकांनी वाद घातला नाही. त्यांनी मला पुन्हा नियमासमोर बसवले. शिल्लक एक दिवसही खाली जाता कामा नये, असे तेथे स्वच्छ लिहिले होते. दुसऱ्या दिवशी मी ठेव मोडून रक्कम बचत खात्यात आणली, हप्ता थांबवला आणि २० जानेवारीपासून नव्याने दिवस मोजायला घेतले. १६ फेब्रुवारीला २८ दिवस पूर्ण झाले. रुपयांचे पौंड करताना अर्जाच्या दिवशीचा ओआंडा या संकेतस्थळावरील दर धरला जातो आणि तो दर आधी कोणालाच ठाऊक नसतो, म्हणून नेमकी रक्कम न ठेवता वर बऱ्यापैकी शिल्लक ठेवणे शहाणपणाचे ठरते.

आता नावांविषयी. बडोद्यातील मराठी कुटुंबांसाठी कागदपत्रांतील सर्वांत अवघड भाग हाच आहे, आणि या कार्यालयाची खरी योग्यता येथेच दिसली. आपण इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतो. घरात मराठी बोलतो, कचेरीत गुजराती लिहितो आणि पासपोर्टवर इंग्रजी छापतो, आणि या तिन्हींत आपले नाव थोडे थोडे बदलत जाते. गायकवाड हे एकच आडनाव या शहरात इंग्रजीत किमान दोन प्रकारे लिहिलेले आढळते. आमचे आडनाव जाधव. गुजरातीत जादव हे वेगळे आणि सर्रास आढळणारे आडनाव आहे, त्यामुळे कारकुनाच्या हातून ‘ध’चा ‘द’ सहज होतो. शिवाय पुरुषाच्या नावापुढे भाई आणि स्त्रीच्या नावापुढे बेन लावणे हा गुजराती सौजन्याचा भाग आहे आणि बोलताना तो गोडच वाटतो, पण तो प्रत्यय दाखल्यावर चढला की नावाचाच भाग होऊन बसतो. आमच्या मुलीच्या जन्मदाखल्यावर माझ्या आणि माझ्या वडिलांच्या नावांना भाई, पत्नीच्या नावाला बेन आणि आडनाव जादव अशी नोंद होती. दाखला गुजराती आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापलेला असल्यामुळे इंग्रजी नावेही तशीच होती. सात वर्षांत कोणाचेही लक्ष तिकडे गेले नव्हते.

मुलीच्या अर्जात हाच दाखला आमच्या नात्याचा पुरावा होता. मी काकांना विचारले की, गुजराती भागाचे भाषांतर करताना तुम्ही बरोबर नावे घालू शकणार नाही का. त्यांनी दिलेले उत्तर मी तसेच लिहून ठेवले आहे: “भाषांतरकाराने कागद दुरुस्त करायचा नसतो. कागदावर जादव असेल तर माझ्या भाषांतरात जादवच येईल. नाव चुकले असेल तर ज्याने लिहिले त्याच्याकडून ते बदलून आणा.” अलकापुरीच्या कार्यालयाने या अडचणीवर एका तयार शपथपत्राचा उपाय सुचवला होता. काकांनी मात्र मला महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागाकडे पाठवले. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ खाली नोंदीतील चूक निबंधकाला दुरुस्त करता येते. आमचे पासपोर्ट, आमचे स्वतःचे जुने जन्मदाखले आणि एक शपथपत्र घेऊन मी अर्ज केला, आणि दुरुस्त नोंदीचा दाखला मिळाल्यावर भाषांतराची गरजच उरली नाही. त्या दाखल्याच्या कामातून काकांना एक रुपयाही मिळाला नाही, तरीही अर्ज कसा लिहायचा आणि कोणते पुरावे जोडायचे ते त्यांनी गुजरातीत एका कागदावर लिहून दिले होते.

लग्नाच्या दाखल्याची अडचण वेगळी होती. आमचे लग्न पत्नीच्या माहेरी, कोल्हापूर जिल्ह्यातील एका गावी झाले आणि नोंदणी तेथील ग्रामपंचायतीत झाली. दाखला मराठीत, हाताने लिहिलेला, दोन गोल शिक्के आणि एक आडवा शिक्का असलेला. त्यावर पत्नीचे माहेरचे नाव आहे, म्हणजे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव. पासपोर्टवर मात्र महाराष्ट्रातील रीतीप्रमाणे मधले नाव माझे आणि आडनाव जाधव. आपल्याला यात काहीच विशेष वाटत नाही, पण ज्या अधिकाऱ्याने ही रीत कधी पाहिलेली नाही त्याला या दोन वेगळ्या स्त्रिया वाटू शकतात. येथे चूक कोणाचीच नव्हती, त्यामुळे दुरुस्त करण्यासारखेही काही नव्हते. काकांनी दाखल्याचे भाषांतर अक्षरशः केले आणि त्याच्या खाली, मूळ मजकुरापासून रेघेने वेगळी केलेली, भाषांतरकाराची टीप म्हणून दोन वाक्यांत विवाहानंतर नाव बदलण्याची मराठी रीत सांगितली. त्यासोबत, दोन्ही नावे माझीच आहेत असे पत्नीचे नोटरीसमोर केलेले शपथपत्र जोडले. मूळ कागद काय म्हणतो आणि भाषांतरकार काय समजावतो, यांतील सीमारेषा इतक्या काटेकोरपणे पाळलेली मी यापूर्वी पाहिली नव्हती.

भाषांतराच्या दर्जाबद्दल सांगायचे तर, ब्रिटनचा नियम चार गोष्टी मागतो: हे मूळ कागदाचे अचूक भाषांतर आहे असे भाषांतरकाराचे लेखी विधान, भाषांतराची तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव व सही, आणि त्याच्याशी संपर्क साधता येईल असा पत्ता किंवा दूरध्वनी. काकांच्या प्रत्येक पानावर या चारही होत्या. त्याशिवाय शिक्क्यांवरील मजकूर, नोंदवहीचा पान क्रमांक, समासात लिहिलेली तारीख आणि मागच्या बाजूची आवक-जावक नोंद यांचेही भाषांतर त्यांनी केले होते, आणि एका शिक्क्यातील दोन अक्षरे पुसट असल्यामुळे तेथे तर्काने शब्द न घालता ‘अस्पष्ट’ असे लिहिले होते. मांडणीही मूळ दाखल्यासारखीच ठेवली होती, त्यामुळे मराठी न येणाऱ्या माणसालाही दोन्ही पाने शेजारी धरून कोणती ओळ कोणती ते कळावे.

एवढे सांगितल्यावर उणिवाही सांगितल्या पाहिजेत, कारण त्यांचा आम्हाला त्रास झाला. पहिली आणि गंभीर उणीव अशी की, काकांच्या हस्तलिखितावरून संगणकावर टंकन करणारा मुलगा देवनागरी अंकांत पक्का नाही. आमच्या लग्नाची तारीख ११ होती. हाताने लिहिलेला देवनागरी एकचा आकडा इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि टंकित प्रतीत ११ चे १९ झाले होते. काकांनी ती प्रत सही करण्यापूर्वी वाचली होती, तरी चूक त्यांच्या नजरेतून सुटली. ती पत्नीच्या लक्षात आली. त्यांनी लगेच, विनाशुल्क, नवी प्रत करून दिली आणि मनापासून दिलगिरीही व्यक्त केली, पण हीच चूक अर्जात गेली असती तर फॉर्ममध्ये भरलेली तारीख आणि दाखल्यावरील तारीख जुळली नसती. माझी स्पष्ट सूचना आहे की, तेथे दिलेल्या प्रत्येक भाषांतरातील अंक घरी नेऊन दोन माणसांनी मोठ्याने वाचून ताडून पाहावेत. गुजराती एकच्या आकड्याबाबतही हाच धोका आहे.

दुसरी उणीव वेळेची. कामाची कबुली दिलेली तारीख क्वचितच पाळली जाते. लग्नाच्या दाखल्याचे भाषांतर १२ जानेवारीला मिळायचे होते. त्या दिवशी ते झाले नाही, १४ आणि १५ जानेवारीला उत्तरायण, म्हणजे संक्रांत, आणि दुसऱ्या दिवशीच्या वासी उत्तरायणाची सुटी होती, आणि प्रत्यक्ष हाती यायला १७ तारीख उजाडली. मग तारखेची चूक सापडून आणखी दोन दिवस गेले. सणाला कार्यालय बंद ठेवण्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही, आमच्या घरीही त्या दिवशी सगळे गच्चीवर होते. परंतु काम होणार नसेल तर आधी कळवणे आवश्यक आहे, आणि तेथे दूरध्वनी बऱ्याचदा उचललाच जात नाही. सीओएसच्या तीन महिन्यांतील प्रत्येक आठवडा मोलाचा असतो. तिसरी बाब म्हणजे मूळ कागद ठेवून घेताना पोच दिली जात नाही. मी मागितल्यावर त्यांनी कोऱ्या कागदावर लिहून सही करून दिली. ग्रामपंचायतीचा मूळ दाखला हरवला तर तो पुन्हा काढायला कोल्हापूरपर्यंत जावे लागेल, हे लक्षात घेऊन छापील पोचपुस्तक ठेवणे त्यांना अवघड नाही.

शुल्क मला वाजवी वाटले. एका पानाच्या भाषांतराचे ४०० रुपये, शपथपत्राचा मसुदा करून देण्याचे २०० रुपये, आणि संपूर्ण फाइल स्कॅन करून प्रत्येक कागदाची वेगळी पीडीएफ, तिला इंग्रजीत समजेल असे नाव आणि क्रमांक देऊन पेन ड्राइव्हवर भरण्याचे ६०० रुपये. आमचा एकूण खर्च नोटरीचे वेगळे धरूनही अलकापुरीच्या यादीतील एकट्या ॲपोस्टिलच्या शुल्कापेक्षा कमी आला. पैसे रोख किंवा यूपीआयने देता येतात आणि पावती मागितल्यावर मिळते.

क्षयरोगाच्या तपासणीशी या कार्यालयाचा संबंध नाही, पण फाइल लावताना त्याचाही क्रम त्यांनी नीट सांगितला. सहा महिन्यांपेक्षा अधिक काळासाठी जाणाऱ्या भारतातील रहिवाशांना ही तपासणी ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्या केंद्रातच करावी लागते आणि प्रमाणपत्र सहा महिने चालते, म्हणून ती फार लवकर करून ठेवण्यातही अर्थ नसतो. आम्ही अहमदाबादला गेलो. एकदा तपासणीसाठी आणि नंतर बोटांचे ठसे व छायाचित्र देण्यासाठी, अशा दोन फेऱ्या द्रुतगती मार्गाने झाल्या. अकरा वर्षांखालील मुलांचा सहसा छातीचा एक्स-रे काढत नाहीत, त्यामुळे मुलीला फक्त डॉक्टरांनी तपासले.

२१ फेब्रुवारीला आम्ही अर्ज भरला. फायलीत शेवटी चौदा कागद होते: पहिल्या दिवशी वेगळे काढलेले अकरा, आणि लग्नाच्या दाखल्याचे भाषांतर, पत्नीचे शपथपत्र व एक्टिसचे प्रमाणपत्र असे नंतर जोडलेले तीन. तीन आठवड्यांच्या आत तिघांचाही व्हिसा मंजूर झाल्याचे कळले. मंजुरीचे श्रेय मी या कार्यालयाला देणार नाही, कारण तो निर्णय नियमांनुसार होतो आणि काकांनीही असे कोणतेही आश्वासन कधी दिले नव्हते. मी पाहिलेल्या इतर दोन कार्यालयांच्या भिंतींवर व्हिसाच्या हमखास यशाचे फलक लावलेले आहेत. काकांच्या भिंतीवर फक्त पानाचा दर लिहिलेला आहे.

निघण्यापूर्वी एक काम उरले होते, म्हणून परवा मी पुन्हा दांडिया बाजारात जाऊन आलो. मुलीच्या लसीकरणाच्या नोंदी ज्या ममता कार्डावर आहेत ते संपूर्ण गुजरातीत आहे, आणि तेथील शाळेत व डॉक्टरांकडे ते दाखवावे लागेल. काकांनी कार्ड उघडून पाहिले, लसींची नावे आणि तारखा असलेली दोन पाने बाजूला काढली आणि गरोदरपणातील आहाराच्या सूचनांची पाने परत माझ्याकडे सरकवली. पोच मी न मागताच मिळाली, छापील पुस्तकातून फाडून. भाषांतर मंगळवारी मिळणार आहे, आणि त्यातील आकडे ताडून पाहायला पत्नीही माझ्याबरोबर येणार आहे.